न घडलेल्या अपघाताचा दोष

‘दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो’ हे वचन लहानपणी प्रथम ऐकले तेव्हा त्यातील न्याय आम्हांस फार आवडला होता. करावे तसे भरावे, या हिशेबाचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण. परंतु पुढे शहरात राहणे झाले, दरवर्षी दारापुढचा रस्ता कोणी ना कोणी उकरताना पाहू लागलो, आणि या वचनाविषयी मनात संशय उत्पन्न झाला. शहरातील खड्डा एक जण ठरवितो, दुसरा त्याचा ठेका घेतो, तिसरा तो खणतो, आणि पडतो तो पुष्कळदा चौथाच. ठरविणारा कचेरीत असतो. ठेका घेणारा दुसऱ्या कामावर गेलेला असतो. खड्ड्याच्या तळाशी असतो तो रोजंदारीचा मजूर, आणि त्याच्या काठावरून अंधारात जातो तो कोणी वाटसरू. म्हणीतील न्याय येथे लागू पडत नाही. मग येथे कोणता न्याय लागू करावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनिअरांचा वाटला तरी मुळात नीतिशास्त्राचा आहे, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले हे सांगण्यासाठी आमच्याच आळीतील एक प्रसंग आधी सांगितला पाहिजे.

गेल्या वैशाखात आमच्या आळीत सांडपाण्याचा मोठा नळ टाकण्यासाठी चर खोदण्यात आला. यंत्राने पहिल्याच दिवशी पुरुषभराहून अधिक खोली गाठली. चराच्या दोन्ही बाजू भिंतीसारख्या उभ्या; त्यांस ना फळी, ना टेकू. निघालेली माती दूर नेण्याचे श्रम वाचावेत म्हणून ती अगदी काठाशी रचून ठेवली होती. तळाशी दोन मजूर वाकून नळाखालची जागा सारखी करीत होते. चढउतारासाठी शिडी नव्हती. वरच्याने हात द्यावयाचा आणि खालच्याने भिंतीत पाय रोवून वर यावयाचे. हे सारे आम्ही सकाळचा चहा घेत गॅलरीतून पाहत होतो. मग खाली जाऊन आम्ही मुकादमास हाक मारली आणि विचारले, “अहो मुकादम, हे बुजवणार केव्हा? गाडी बाहेर काढता येत नाही.” तो अदबीने म्हणाला, “चार दिवसांत रस्ता मोकळा करून देतो, साहेब. पावसाच्या आत उरकायचंय.” आमचे समाधान झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मजूर सावलीत भाकरी खावयास बसले असता धप्प असा जड आवाज झाला. चराची एक बाजू, पाचसात हात लांबीची, काठावरच्या ढिगासकट आत बसली होती. जेथे सकाळी ते दोघे वाकून काम करीत होते तेथे आता मातीचा उतार होता. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुकादम म्हणाला, “वाचलो बाबा! भाकरीनं वाचवलं.” सगळे हसले, आम्हीही हसलो. तासाभरात यंत्राने माती पुन्हा बाहेर काढली आणि ते दोघे त्याच चरात पुन्हा उतरले. चार दिवसांचे आठ दिवस झाले, नळ बसला, चर बुजला. कोणास खरचटलेदेखील नाही. तेव्हा प्रश्न असा, की या आठ दिवसांत आमच्या आळीत काही अपराध घडला की नाही?

लौकिक उत्तर तयार आहे. काही झाले नाही, मग अपराध कसला? या उत्तराच्या मुळाशी मातीविषयीचे एक अज्ञान आहे, म्हणून प्रथम मातीचाच विचार करू. जमिनीखालची माती चोहोबाजूंच्या मातीने दाबून धरलेली असते. चर खणला म्हणजे तिचा एका बाजूचा आधार आपण काढून घेतो. तरीही ओलाव्याच्या आणि कणांच्या चिकटपणाच्या बळावर ती भिंत काही काळ उभी राहते. हा काळ घटकाभराचा असेल किंवा आठवड्याचा असेल. उन्हाने ओल सुकते, मागे बारीक भेग पडते, शेजारून एखादी लॉरी धडधडत जाते, वळवाची एक सर येते, आणि भिंत कोणतीही सूचना न देता सुटते. काठावर रचलेला ढीग म्हणजे आधीच निराधार झालेल्या भिंतीच्या डोक्यावर दिलेले ओझे. शहराच्या रस्त्याखालची जमीन तर अखंड नसतेच. पाण्याचा नळ, विजेची तार, दूरध्वनीची तार, गॅसची नळी, यांच्यासाठी वेळोवेळी खणून बुजविलेल्या जुन्या चरांची ती गोधडी असते. आणि एकदा उकरलेल्या जमिनीत मूळचा घट्टपणा सहसा परत येत नाही. आमच्या आळीत जी बाजू कोसळली ती एका जुन्या नळाच्या भरावाचीच होती.

माती मऊ असते, म्हणून ती अंगावर पडली तर माणूस झटकून उठेल, असे आपणांस उगाच वाटते. एक घन मीटर मातीचे वजन सुमारे दीड टन किंवा त्याहूनही अधिक भरते. म्हणजे एखादी मोटारगाडी छातीवर येऊन बसल्यासारखेच ते आहे. डोके मोकळे असले तरी छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस गुदमरू शकतो. कारण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती जितकी आत जाते तितकी जागा माती व्यापते, आणि पुढल्या श्वासासाठी ती जागा परत मिळत नाही. त्याला काढण्यासाठी जो सोबती कळवळून आत उडी घेतो, त्याच्यावर बहुधा दुसरी बाजू येते.

यावरचे उपाय मात्र मुळीच गूढ नाहीत. दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंस फळ्या आणि टेकू देऊन आधार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षिततेविषयीची ‘आय. एस. ३७६४’ ही भारतीय मानक संहिता सांगते. आधार देणे नसेल तर बाजू उताराच्या कापाव्यात. माती काठापासून दूर टाकावी. तळापासून काठाच्याही वर जवळजवळ एक मीटर येईल अशी शिडी ठेवावी. रोज सकाळी, आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा, जाणत्या माणसाने भिंती पाहिल्याशिवाय कोणास आत उतरू देऊ नये. भोवती कठडा असावा आणि रात्री दिवा असावा. एवढी ही यादी आहे. हिच्यात असे काहीही नाही, की जे आमच्या आजोबांच्या काळच्या विहीर खणणाऱ्यास समजले नसते.

परंतु खड्ड्याशी संबंध केवळ त्याच्या तळाशी असणाऱ्याचाच येतो असे नाही. ज्याने खड्डा पाहिलेलाही नाही, अशा माणसाशीही त्याचा संबंध येतो. दक्षिण कोरियातील देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी एका इमारतीच्या कामासाठी जमिनीत छिद्रे पाडताना गॅसची नळी फुटली. गॅस गटारातून वाहत जवळच्या भुयारी रेल्वेच्या अर्धवट बांधकामात साचला, आणि सकाळी लोक कामास व मुले शाळेस निघण्याच्या वेळी त्याचा स्फोट झाला. १०१ माणसे मेली. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. नळी फोडणाऱ्यांनी गॅस कंपनीस वेळीच वर्दी दिली नव्हती. ज्या मुलांनी त्या दिवशी प्राण गमावले त्यांचा त्या इमारतीशी, त्या ठेक्याशी, त्या छिद्राशी कोणता संबंध होता? संबंध एवढाच, की त्यांच्या पायांखालची जमीन एकच होती. आपल्याकडेही खोदणाऱ्याने खोदण्यापूर्वी त्या जागी कोणाच्या वाहिन्या आहेत हे विचारावे, यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची सोय मोबाइलवर सुरू केली. ही सोय यंत्रशास्त्रातील मोठी करामत असेल वा नसेल. आमच्या मते तिच्यात नीतीचे एक सूत्र आहे. जे आपल्याला दिसत नाही ते तेथे नाही, असे धरून कुदळ मारू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणितज्ञ होऊन गेला. १८७० साली सूर्यग्रहण पाहण्यास निघाला असता सिसिलीजवळ त्याचे जहाज फुटले आणि तो कसाबसा बचावला. ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या १८७७ सालच्या आपल्या निबंधात त्याने एका जहाजमालकाची कल्पना केली आहे. जहाज जुने आहे, दुरुस्तीस आले आहे, हे मालकास ठाऊक असते. पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो, की आजवर इतक्या सफरी याने सुखरूप केल्या, इतकी वादळे सोसली, तेव्हा याही वेळी ते तरेल. ही समजूत इतकी पक्की होते की तो शांत मनाने प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडते. मालक दोषी खराच. पण यापुढे क्लिफर्ड जे विचारतो त्यातच त्याची खरी कसोटी आहे. समजा, जहाज बुडाले नाही. ते त्या सफरीत आणि पुढच्याही अनेक सफरींत सुखरूप राहिले. तर मालकाचा दोष कमी होईल काय? तो म्हणतो, तिळमात्र होणार नाही. कृत्य योग्य की अयोग्य हे ते करण्याच्या क्षणीच ठरून गेलेले असते. मागाहून दैवाने दिलेला कौल त्यात फेरफार करू शकत नाही.

हे पटण्यासारखे आहे, तरी जग तसे वागत नाही, हेही खरे. कायद्याकडेच पाहा. १८६० सालच्या भारतीय दंडविधानात निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा अपराध होता. पण त्यास शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा अडीचशे रुपये दंड किंवा दोन्ही. त्याच निष्काळजीपणाने माणूस मेला तर दोन वर्षे कैद. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने दुसऱ्या अपराधाची मर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविली. पहिल्याची कैद तीन महिन्यांचीच राहिली. म्हणजे कृत्य एकच, आणि शिक्षेतील अंतर भाकरीची सुट्टी केव्हा झाली यावर अवलंबून! १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी या कोड्यास ‘नैतिक दैव’ अशा अर्थाचे नाव देऊन त्याची चर्चा केली. जे आपल्या हाती नाही त्यावरून माणसास बरे-वाईट ठरवू नये, असे आपण म्हणतो. आणि प्रत्यक्षात पावलोपावली त्यावरूनच ठरवितो.

आमच्या मते या कोड्यात दोन वस्तूंची गल्लत होते: दुःखाची आणि दोषाची. ज्या घरचा माणूस संध्याकाळी परत येत नाही आणि ज्या घरचा परत येतो, त्या दोन घरांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ते नाकारणारा मनुष्य निष्ठुर म्हणावा लागेल. परंतु ते अंतर दुःखाचे आहे. चर निराधार ठेवणाऱ्याच्या दोषाचे माप त्याच्याने बदलत नाही. परिणामाने दुःख मोजावे. दोष मोजावयाचा तो, आधी काय माहीत होते आणि काय करता येण्याजोगे होते, यावरून. आणि असे मोजू लागलो म्हणजे आमच्या आळीतील प्रसंगाचा अर्थच बदलतो. सकाळी ते दोघे चरात उतरले तेव्हा निदान अज्ञानाची सबब होती. दुपारी ती बाजू कोसळली. मातीने जे सांगावयाचे ते स्पष्ट शब्दांत सांगितले. आणि त्यानंतर तासाभराने तेच दोघे त्याच चरात, तशाच निराधार भिंतींमध्ये पुन्हा उतरले. त्या दुसऱ्या उतरण्याला कोणतीही सबब नाही. न घडलेला अपघात हा घडलेल्या अपघाताइतकाच साक्षीदार असतो. फरक एवढाच, की त्याची साक्ष ऐकण्यासाठी कोणास मरावे लागलेले नसते. इतकी स्वस्त साक्ष आम्ही हसण्यावारी नेली.

यावर कोणी म्हणेल, की मजूर स्वखुशीने उतरला; फळ्या लावा म्हटले तर तोच म्हणतो, ‘इतकी वर्षे खणतोय, काही होत नाही.’ आम्ही विचारतो, ज्याने ‘उतरत नाही’ म्हटले असता त्या दिवसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावला जातो, त्याच्या संमतीस संमती म्हणावयाचे काय? शिवाय ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा अनुभव वाचलेल्यांचा आहे. ज्यांस झाले ते आपला अनुभव सांगण्यास मुकादमापुढे येत नाहीत. क्लिफर्डच्या जहाजमालकाची सबब हीच होती. भेद इतकाच, की मालकाने ती दुसऱ्याच्या जिवावर काढली आणि मजूर बिचारा स्वतःच्या जिवावर काढतो. कोणी खर्चाचा मुद्दा काढील. फळ्या, टेकू, शिडी, कठडा, दिवा यांस पैसे पडतात आणि दिवस लागतात, हे निर्विवाद. पण जो खर्च टाळला तो वाचला असे नाही. तो मजुराकडून, त्यास न विचारता, उसना घेतला. बहुतेक वेळा हे उसने फेडावे लागत नाही, एवढ्यावरून ते उसने नव्हतेच असे कसे म्हणता येईल?

मग हा दोष नेमका कोणाचा? या प्रश्नाचा फार जुना आणि आमच्या मते अत्यंत मार्मिक विचार यहुदी धर्मशास्त्रात सापडतो. कोणी खड्डा उघडला वा खणला, झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई त्या माणसाने करावी, असा नियम ‘निर्गम’ ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. पुढे मिश्ना या ग्रंथात नुकसानीची जी चार मूळ प्रकरणे मोजली आहेत त्यांत खड्डा हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. दहा मुठी खोल असेल तो खड्डा जीव घेण्यास पुरेसा, असे मापही तेथे दिले आहे. रस्त्यावरील खड्डा हा वस्तुतः कोणाच्याच मालकीचा नसतो. तरी शास्त्राने तो खणणाऱ्याचा मानला, असे त्यांच्या पंडितांनी म्हटले आहे. मालकी नाही, पण जबाबदारी आहे. सार्वजनिक जागेविषयी याहून नेमका विचार आम्हांस ठाऊक नाही. आणि खड्डा दोन भागीदारांचा असेल तर? पहिला जवळून गेला, त्याने झाकला नाही. मागून दुसरा गेला, त्यानेही झाकला नाही. तर जबाबदार दुसरा. म्हणजे ज्याने शेवटी पाहिले आणि तसेच सोडले, तो.

आजच्या ठेक्याच्या साखळीस हा न्याय लावून पाहावा. नगरपालिका म्हणते, आम्ही अटींत सारे लिहिले होते. ठेकेदार म्हणतो, मी पोटठेकेदारास सांगितले होते. पोटठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम नशिबाकडे. प्रत्येक जण त्या खड्ड्याजवळून गेलेला असतो. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी संसदेने कायदा केला, १९९८ साली त्याखाली खोदकामाचे नियम झाले, २०२० साली नवी संहिता संमत झाली. कागदावर झाकण आहे. खड्ड्यावर ते कोणी ठेवावयाचे, एवढेच ठरावयाचे राहते.

आणि या साखळीत आणखी एक कडी आहे, तिचा उल्लेख टाळून हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती कडी म्हणजे आम्ही. चर लवकर बुजावा असे कोणास वाटत होते? काम स्वस्तात व्हावे, पट्टी वाढू नये, पावसाच्या आत रस्ता डांबरी व्हावा, अशी ओरड कोण करतो? सर्वांत कमी दराच्या निविदेत शिडीचा आणि फळीचा खर्च कोठे गेला, हे आपण कधी विचारले आहे? यात कोणाची वाईट इच्छा असते असे नाही. आणि हीच यातली खरी भीती आहे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली असता मोटार सोडून पायी घरी निघालेले एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. दोन दिवसांनी वरळीस त्यांचा मृतदेह सापडला. साचलेले पाणी लवकर उतरावे म्हणून ते झाकण काढण्यात आले होते, असे पोलिसांनी पुढे सांगितले. हेतू पाहिला तर वस्तीच्या सोयीचा. पण ज्यास आपली सोय दिसते त्यास पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि पलीकडून येणारा माणूस तर मुळीच दिसत नाही.

आमच्या आळीतील तो चर आता बुजला आहे. पावसात त्यावरचे डांबर थोडेसे खचले, आणि गाडी तेथून जाताना एक हलका धक्का बसतो. तो बसला की आम्हांस ते दोन मजूर आठवतात. त्यांची नावे आम्ही विचारली नव्हती. आठ दिवस ते आमच्या गॅलरीखाली होते आणि आम्ही त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. वाचकांसही असे आठ दिवस आठवत असतील. पुढल्या वैशाखात आळी पुन्हा खोदली जाईलच. त्यावेळी मुकादमास काय विचारावयाचे हे आम्ही आताच ठरवून ठेवले आहे. भिंतींना आधार दिला आहे का? आत उतरलेल्यास वर येण्याला शिडी आहे का? रात्री येथे कठडा आणि दिवा राहील का? आणि ‘बुजवणार केव्हा?’ हा प्रश्न आम्ही चवथा विचारू.